अनृत : एका शब्दाचा अर्थ आणि आचार

भाविकहो,

श्रींच्या दर्शनासाठी आपण दूरदूरच्या गावांहून येता. रात्रीचा प्रवास, मुलाबाळांची आबाळ, रांगेतील तिष्ठणे हे सारे सोसून गाभाऱ्यासमोर उभे राहता आणि हात जोडता, तेव्हा ओठांवर काही शब्द येतात. कोणी मागणे मागतो, कोणी नवस बोलतो, कोणी घडल्या अपराधाची क्षमा मागतो. देवापुढे उच्चारलेल्या या शब्दांचे मोल किती, आणि ते पोकळ केव्हा ठरतात, याचा विचार आपल्या ऋषींनी एका लहानशा शब्दाच्या आधारे केला आहे. तो शब्द म्हणजे 'अनृत'. पोथ्यापुराणांतून तो वारंवार कानी पडतो. 'अनृत म्हणजे खोटे बोलणे' एवढा अर्थ मनाशी धरून आपण पुढे जातो. परंतु या शब्दाचा पसारा त्याहून पुष्कळ मोठा आहे. तो समजून घेतला, तर तीर्थयात्रेचे प्रयोजनही अधिक स्पष्ट होईल.

शब्दाची घडण

'अनृत' म्हणजे जे 'ऋत' नाही ते. 'ऋत' हा ऋग्वेदातील अत्यंत गौरवाचा शब्द. त्याच्या मुळाशी गती दाखविणारा 'ऋ' हा धातू आहे. आपला नित्य परिचयाचा 'ऋतु' हा शब्दही त्याच धातूपासून आला. सूर्याने नेमाने उगवावे, नद्यांनी समुद्राकडे वाहावे, पावसाळ्यामागून हिवाळा यावा, असा जो विश्वाचा अढळ नेम आहे, त्यास ऋषींनी ऋत म्हटले. पेरले तेच उगवणे, हे भूमीचे ऋत. बोलले तसेच वागणे, हे माणसाचे ऋत.

यावरून अनृताचा अर्थ आपोआप उलगडतो. जिभेने केलेले चुकीचे विधान, हा अनृताचा केवळ एक प्रकार झाला. दिलेला शब्द न पाळणे, घेतलेले व्रत अर्धवट सोडणे, मनात एक ठेवून मुखाने दुसरे भासविणे, ही सर्व अनृतेच होत. 'मी खोटे कधीच बोललो नाही' असे छातीवर हात ठेवून सांगणारा मनुष्यही अनृतात बुडालेला असू शकतो. कारण त्याच्या वाणीचा नेम त्याच्या आचरणात उतरलेला नसतो.

या ऋताचा रक्षक वरुणदेव. अथर्ववेदातील एका सूक्तात त्याचे मोठे प्रत्ययकारी वर्णन आहे. दोघे जण एकांतात बसून जी खलबते करतात, ती तेथे तिसरा असलेला वरुण जाणतो. माणसांच्या पापण्यांची उघडझापदेखील त्याने मोजलेली असते. अनृत बोलणाऱ्यास त्याच्या पाशांनी बांधावे आणि सत्य बोलणाऱ्यास मोकळे सोडावे, अशी प्रार्थना त्याच सूक्तात येते. आज बहुतेक मोठ्या देवस्थानांत कॅमेरे बसविलेले असतात आणि त्यांच्या नजरेखाली आपण सांभाळून वागतो. जो तिसरा साक्षीदार सदैव आपल्यासोबत आहे, त्याचे भान मात्र सुटते.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताने स्वीकारलेल्या राजमुद्रेखाली सत्याच्या विजयाचे बोधवाक्य आहे. ते मुंडकोपनिषदातून घेतलेले आहे. मूळ मंत्रात लगेच पुढे अनृताचा नामनिर्देश येतो आणि त्याचा जय होत नाही, असे सांगितले जाते. राजमुद्रेवर तो भाग नाही. मंत्राचा पूर्वार्ध आपल्या नाण्यांवर आणि नोटांवर कोरला, छापला गेला; उत्तरार्ध ज्याने त्याने आपल्या अंतःकरणात कोरून घ्यावयाचा आहे.

मराठी बोलीतील खोटे

आपल्या मायबोलीत 'अनृत' हा शब्द ग्रंथांपुरता उरला, तरी त्याचा आशय बोलीने जपून ठेवला आहे. 'खोटे' हा शब्द पाहा. खोटे बोलणे असते, तसे खोटे नाणेही असते. नाणे काही बोलत नाही. पण वर छाप एक आणि आत धातू दुसरा, म्हणून ते खोटे. 'खोट' म्हणजे उणीव. रत्नात खोट असते, तशी स्वभावातही असते. आणि 'खोटी' म्हणजे खोळंबा. वाट पाहणाऱ्या पाहुण्याला 'तुमची उगाच खोटी झाली' असे आपले वडीलधारे म्हणत. खोटे, खोट आणि खोटी यांची व्युत्पत्ती काहीही असो, कान आणि मन यांना त्यांतील सोयरीक जाणवते. जेथे खोटे असते तेथे काहीतरी उणे असते, आणि कोणाचा तरी खोळंबा झालेला असतो.

'व्याज' या शब्दाची कथा अशीच विचार करावयास लावणारी आहे. संस्कृतात व्याज म्हणजे निमित्त, मिष, कपट. मराठीत तो शब्द कर्जावरील आकारासाठी रूढ झाला. तथापि 'निर्व्याज प्रेम' असे आपण म्हणतो, तेव्हा मूळ अर्थच जागा होतो : ज्या प्रेमात कसलेही कपट नाही ते निर्व्याज. देवावरचे प्रेम निर्व्याज आहे काय, हा प्रश्न प्रत्येक यात्रेकरूने स्वतःस एकदा तरी विचारावा.

येथे एका गैरसमजाचे निरसन आवश्यक आहे. वेदान्तात जगास 'मिथ्या' म्हटले आहे. त्याचा आधार घेऊन, 'सारे जगच मिथ्या, मग व्यवहारातील थोडी लबाडी कशाने बाधणार?' असे काही जण म्हणतात. हे शब्दांशी खेळणे झाले. दोरीवर भासलेला साप, हे मिथ्याचे प्रसिद्ध उदाहरण. अंधारामुळे दोरी सापासारखी दिसली, हा भ्रम. परंतु दोरी आहे हे ठाऊक असता शेजाऱ्यास साप सांगून पळवून लावणे, हे अनृत. पहिले ज्ञानाने दूर होते. दुसऱ्यासाठी ज्ञान पुरत नाही, तेथे पश्चात्ताप आणि भरपाई लागते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'मिथ्याचार' हा शब्द आला आहे. इंद्रिये आवरून बसलेला, परंतु मनाने विषयांचेच चिंतन करणारा, तो मिथ्याचारी. गाभाऱ्यासमोर डोळे मिटलेले असावेत आणि चित्त बाहेर ठेवलेल्या पादत्राणांभोवती घोटाळत असावे, असे आपणा सर्वांचेच होते. त्याची लाज वाटणे, ही सुधारणेची पहिली पायरी.

नवस आणि खोळंबा

राजा हरिश्चंद्र म्हणजे सत्याचा पुतळा, हे आपण मार्कंडेय पुराणातील कथेवरून जाणतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली आपला पहिला चित्रपट काढला, तो याच राजावर. परंतु त्याहून प्राचीन अशा ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्राची वेगळी कथा आहे. राजास पुत्र नव्हता. नारदांच्या सांगण्यावरून त्याने वरुणास साकडे घातले आणि पुत्र झाल्यास तोच तुला अर्पण करीन, असे वचन दिले. रोहित जन्मला. वरुण वचनाची आठवण देऊ लागला. राजा म्हणाला, दहा दिवस होऊ देत. मग म्हणाला, दात येऊ देत. पुढे, दुधाचे दात पडू देत; नंतर, नवे दात येऊ देत; त्यानंतर, मुलगा शस्त्र धारण करण्यायोग्य होऊ दे. अखेर रोहित जाणता झाला आणि अरण्यात निघून गेला. वरुणाच्या कोपाने राजाचे उदर फुगले. पुढे रोहिताने शंभर गाई देऊन अजीगर्ताचा पुत्र शुनःशेप यास आपल्या बदली आणले. यज्ञस्तंभास बांधलेल्या त्या मुलाने देवांची आळवणी केली. एकेका ऋचेसरशी त्याचे पाश सैल होत गेले आणि राजाचे उदरही ओसरत गेले. मूल मुक्त झाले. देवाने बळी घेतला नाही.

या कथेत राजाने एकही चुकीचे विधान केलेले नाही. 'देणार नाही' असे तो कधीच म्हणाला नाही. त्याचे अनृत पुढे ढकलण्यात होते. त्याहूनही खोल पाहिले, तर ते मूळ वचनातच होते. कारण पुत्राचा प्राण पित्याच्या मालकीचा नसतो, आणि जे आपले नाही ते देऊ करणे हे प्रारंभापासूनच ऋताला सोडून आहे.

सत्यनारायणाच्या कथेतील साधुवाणी आपल्या घरोघरी परिचित आहे. कन्या झाली की पूजा करीन म्हणाला. कन्या झाल्यावर, तिच्या विवाहात करीन म्हणाला. विवाहही झाला आणि पूजा राहिली. पुढे दंडधारी संन्याशाच्या रूपाने आलेल्या भगवंताने नौकेत काय आहे असे विचारले, तेव्हा द्रव्य असताही त्याने वेली आणि पाने असल्याचे हसत सांगितले, आणि तसेच झाले. कथेचा हा भाग ऐकताना श्रोते मौज घेतात. पण त्यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी नवसाचा खोळंबा, मग उघड खोटे. टाळाटाळीची सवय लागलेली जीभ असत्यापर्यंत सहज पोहोचते. आणि कथेचा शेवट? वाण्याने शरण जाऊन अपराध कबूल केला, तेव्हा नौका पूर्ववत् भरली.

म्हणून भाविकांस नम्र विनंती आहे. नवस बोलावयाचाच असेल, तर तो आपल्या आवाक्यातला, आपल्या स्वतःच्या कष्टाने फिटणारा असावा. लहान मुलांच्या, सुनेच्या वा म्हाताऱ्या मातापित्यांच्या देहास कष्ट पडतील असा नवस त्यांच्या वतीने बोलू नये. कर्ज काढून नवस फेडू नये. आणि आजारपण, दारिद्र्य वा अन्य आपत्ती यांमुळे बोललेला नवस फेडणे खरोखर अशक्य झाले, तर भयाने झुरत न राहता श्रींसमोर उभे राहून तसे स्पष्ट सांगावे. जमेल ती लहान सेवा करावी. देव हा दारात तगादा लावणारा सावकार नव्हे. त्यास आपल्या नारळाची वा चांदीची वाण पडलेली नाही. आपली वाणी खरी राहावी, एवढ्यासाठीच नवस फेडावयाचा असतो.

अपवादाची वाट आणि तिचे मोल

'सत्य सर्वदा बोलावेच काय?' असा प्रश्न येतोच. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्णांनी अर्जुनास कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगितली आहे. सदा सत्यच बोलण्याचे त्याचे व्रत होते. दरोडेखोरांच्या भयाने पळालेले लोक त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपले. दरोडेखोरांनी विचारताच त्याने ती जागा दाखविली, आणि ते निरपराध लोक मारले गेले. असे सत्य बोलूनही कौशिक नरकात गेला. पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यातही सत्याची कसोटी हीच सांगितली आहे : वाणी मनाशी जुळणारी हवी, आणि ती प्राणिमात्रांच्या हितासाठी हवी.

परंतु या अपवादाचा आडोसा घेऊन आपला लाभ साधणाऱ्यासाठी द्रोणपर्वातील प्रसंग आहे. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, आणि द्रोणाचार्यांनी आपल्या पुत्राविषयी धर्मराजास विचारले. धर्मराजाने अश्वत्थामा मारला गेल्याचे उंच स्वरात आणि 'हत्ती' हा शब्द अस्फुट स्वरात उच्चारला. तोवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी भूमीस टेकला. दोन्ही बाजूंनी बोट न लागू देणाऱ्या बोलण्यास आपण आजही 'नरो वा कुंजरो वा' म्हणतो, ते यावरूनच. पुढे स्वर्गारोहणपर्वात धर्मराजास क्षणभर नरक पाहावा लागला. इंद्राने त्याचे कारण सांगितले, त्यात 'व्याज' हाच शब्द आहे : व्याजाने द्रोणांस फसविले, म्हणून व्याजानेच तुला नरक दाखविला. शब्द खरे होते, हेतू खरा नव्हता.

यावरून एक सोपी कसोटी हाती येते. माझ्या खोट्याने रक्षण कोणाचे झाले? दुर्बळ, भयभीत अशा दुसऱ्याचे, की माझ्या स्वार्थाचे? याचे प्रामाणिक उत्तर ज्याचे त्यास लगेच कळते.

दात्यांसाठी दोन शब्द

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात उपजीविकेच्या मार्गांची नावे दिली आहेत. त्यांत व्यापारास 'सत्यानृत' म्हटले आहे. खरे आणि खोटे यांची सरमिसळ होण्याचा धोका जेथे पावलोपावली असतो, असा तो व्यवसाय. यात व्यापाऱ्यांची निंदा नाही. सावधगिरीची सूचना आहे. आपणांपैकी अनेक जण व्यापारउदीम करून, घाम गाळून मिळविलेल्या धनातून अन्नदान, भक्तनिवास, औषधोपचार यांसाठी देणग्या देता. त्या धनात कोणाचा बुडविलेला पगार, कोणाचे मापात मारलेले धान्य मिसळलेले नसावे. दिलेल्या रकमेहून अधिक रकमेची पावती मागू नये. सर्वांसमक्ष जाहीर केलेली देणगी लवकरात लवकर पोचती करावी. तिच्या भरवशावर पंगतीची वा बांधकामाची जुळवाजुळव झालेली असते.

दानशूर बळीराजाची कथा येथे आठवावी. वामनास तीन पावले भूमी देण्याचे त्याने मान्य केले. हा बटू म्हणजे साक्षात् विष्णू होय, हे ओळखून शुक्राचार्यांनी त्यास माघार घेण्याचा सल्ला दिला. कोणकोणत्या प्रसंगी अनृत निंद्य ठरत नाही, याची यादीही भागवतात त्यांच्या मुखी आहे. शास्त्राधार हाताशी होता, गुरूंची अनुज्ञा होती, सर्वस्व जाणार हेही दिसत होते. तरीही बळीने शब्द फिरविला नाही. खोट्या माणसाचा भार मात्र आपणास सोसवत नाही, असे पृथ्वीने म्हटल्याचे त्याने गुरूंस सांगितले. दिवाळीतील प्रतिपदा आजही त्याच्या नावाने साजरी होते. राज्य गेले, नाव राहिले.

हा नेम दात्यास आहे, तसाच तो दान स्वीकारणाऱ्यासही आहे. 'विश्वस्त' या शब्दातच विश्वास आहे. ज्या कारणासाठी द्रव्य आले त्याच कारणासाठी ते खर्ची पडणे, त्याचा हिशेब चोख असणे, आणि विचारणाऱ्यास सरळ उत्तर मिळणे, हे कोणत्याही देवस्थानाचे ऋत होय. रांगेत ज्येष्ठांसाठी असलेल्या सवलतीकरिता वय वाढवून सांगणारा भाविक आणि ओळखीच्या माणसास मागील दाराने आत सोडून 'रांग एकच आहे' असे सांगणारा सेवेकरी, हे दोघेही श्रींच्या दृष्टीने सारखेच.

येताना आणि जाताना

शतपथ ब्राह्मणाचा प्रारंभच एका यजमानापासून होतो. तो व्रत घेण्यापूर्वी पाण्यास स्पर्श करतो. का? तर मनुष्य अनृत बोलतो, त्यामुळे तो यज्ञास अयोग्य ठरलेला असतो. पाणी पवित्र आहे, त्याच्या स्पर्शाने तो योग्य होतो. मग तो अग्नीस साक्ष ठेवून, आपण अनृतातून सत्याकडे येत आहोत, असा संकल्प करतो. आपण दर्शनापूर्वी पाय धुतो, डोळ्यांस पाणी लावतो. त्यामागील भाव हाच धरावा. धूळ धुतली जाते, तशी वाणीही धुतली जावी.

याच ग्रंथात पुढचा प्रश्नही आहे. यज्ञ संपल्यावर यजमान व्रत सोडतो, तेव्हा त्याने काय म्हणावे? पुन्हा मनुष्याच्या जगात परतताना 'आता मी सत्यातून अनृताकडे जातो' असे म्हणणे बरे दिसणार नाही. म्हणून, मी जो आहे तोच आता आहे, एवढेच त्याने म्हणावे, असे ऋषी सांगतात. किती विवेकाचे हे बोल! त्यांत ढोंग नाही. दर्शन घेतल्याने आपण एका दिवसात देव झालो, असा दावा नाही. आणि पुन्हा खोट्याकडे वळण्याची मुभाही नाही. जसे आहोत तसे, मुखवटा न लावता परत जाणे, हेच सत्याचे पहिले पाऊल.

छांदोग्य उपनिषदात एक दृष्टान्त आहे. शेतात सोन्याचा ठेवा पुरलेला आहे. ज्यास ठाऊक नाही, तो रोज त्यावरून चालत जातो आणि त्यास ते सापडत नाही. त्याचप्रमाणे जीव दररोज ब्रह्माच्या निकट जाऊनही त्यास जाणत नाहीत, कारण मध्ये अनृताचे झाकण आहे. ठेवा दूर नाही. झाकण काढावयाचे आहे, आणि ते बाहेरून कोणी काढून देणार नाही.

तेव्हा भाविकहो, प्रसाद घेऊन परतीच्या वाटेस लागण्यापूर्वी सभामंडपात क्षणभर बसावे. कोणास दिलेला एखादा शब्द खोळंबून राहिला असेल, तर तो आठवावा. भावाची राहिलेली वाटणी असेल, मजुराची राहिलेली मजुरी असेल, आईला 'पुढच्या महिन्यात नक्की येतो' असे दिलेले आश्वासन असेल. घरी गेल्यावर आधी ते पुरे करावे. तो श्रींचाच नवस फिटला, असे समजावे.

आपली वाणी आणि आपले आचरण यांत अंतर न राहो, आपला परतीचा प्रवास सुखरूप होवो, आणि श्रींची कृपादृष्टी आपणा सर्वांवर अखंड राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥